अंगातला साठा

आमचे वडील किराणा दुकानदार होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात नवी वही उघडायची, तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा, तराजूला आणि मापांना हळदकुंकू लावायचे, आणि सगळे आटोपले की पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर अण्णांनी स्वतः उभे राहायचे, हा आमच्या घरचा परिपाठ. वजन मोठ्याने पुकारण्याचा मान माझा. तो आकडा अण्णा वहीच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून ठेवीत. १९९५ सालच्या दिवाळीच्या पानावर लिहिले आहे : ९२ किलो. त्या संध्याकाळी दुकानात जमलेली मंडळी पोट धरून हसली होती, आणि सर्वांत मोठ्याने अण्णाच हसले होते.

पुढच्या श्रावणात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. तालुक्याच्या गावी नेले. पाय ताणून, टोकाला वजन लावून त्यांना पलंगावर निजवले आणि सहा आठवडे हलायचे नाही म्हणून सांगितले. भेटायला येणारा प्रत्येक जण आईला धीर देई : “वहिनी, काळजी कशाला करता? अंगात साठा आहे. एखादा पाप्याचा पितर असता तर गोष्ट वेगळी!” अण्णांनाही ते पटत असे. श्रावण असल्यामुळे मासळी बंद होतीच. पुढे श्रावण संपला तरी, पडून राहिलेल्या माणसाला जड पचत नाही म्हणून, ती बंदच राहिली. आई दोन वेळा पेज करून पाठवी, मधल्या वेळी साबुदाण्याची लापशी, कधी लिंबाचे सरबत. मी त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात होतो. शाळा सुटली की डबा घेऊन एस.टी.ने जायचे आणि रिकामा डबा घेऊन परत यायचे, एवढे माझे काम. सातव्या आठवड्यात छातीत कफ भरला आणि दोन दिवसांत अण्णा गेले.

हाड मोडलेला माणूस छातीच्या दुखण्याने कसा जातो, हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. पुढे एका कादंबरीत मला एक जखमी सैनिक इस्पितळात तीन महिने ठेवायचा होता. त्याचे दुखणे कसे लिहावे हे समजेना म्हणून मी पुस्तके उघडली. मी मॅट्रिक झालेला मास्तर, वैद्यकातले मला काय कळणार? पण त्या पुस्तकांत मला सैनिकाऐवजी अण्णाच भेटले. कादंबरी बाजूला राहिली. जे सापडले ते इथे सांगतो आहे.

अंगातल्या साठ्याची समजूत फार जुनी आहे. तुर्कस्तानात इफेसस म्हणून प्राचीन नगरीचे अवशेष आहेत. तिथे १९९३ साली ग्लॅडिएटरांचे, म्हणजे रोमन काळी लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांशी झुंजणाऱ्या योद्ध्यांचे, कबरस्तान सापडले. व्हिएन्नाच्या संशोधकांनी त्यांची हाडे तपासली, तेव्हा असे दिसले की या मल्लांचे अन्न मुख्यतः जव आणि शेंगांची कडधान्ये हेच होते. रोमन लोक त्यांना ‘जवखाऊ’ म्हणतच. आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला पीळदार ग्लॅडिएटर असतो. संशोधकांचा तर्क मात्र असा की हे लोक मुद्दाम अंगावर चरबीचा थर वाढवीत. तलवारीचा वार चरबीतच थांबला तर रक्त भळभळते, प्रेक्षक खूश होतात, आणि आतल्या शिरा, नसा, स्नायू शाबूत राहतात. याच मल्लांवर उपचार करण्यासाठी इसवी सन १५७ मध्ये पर्गामम या गावी गेलेन नावाचा तरुण वैद्य नेमला गेला. हाच पुढे युरोपच्या वैद्यकाचा दीड हजार वर्षे गुरू होऊन बसला. त्याला हा आहार पसंत नव्हता. अशा अन्नाने मांस घट्ट होत नाही, भुसभुशीत होते, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे चरबी कामाची की घट्ट मांस कामाचे, हा वाद तेव्हाचा आहे.

आपल्या सुश्रुताचे मत याहून स्पष्ट. सूत्रस्थानात त्याने शरीराचे स्थूल, कृश आणि मध्य असे प्रकार सांगितले. मध्य तो उत्तम ठरवला, आणि उरलेल्या दोघांत स्थूलापेक्षा कृश बरा असा निवाडा दिला. शस्त्र हातात धरणाऱ्या वैद्याचा हा निवाडा आहे, हे विशेष. आमच्या गल्लीतल्या लोकांनी सुश्रुत वाचलेला नव्हता. मीही तेव्हा वाचलेला नव्हता.

इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा विल्यम उतारवयात इतका स्थूल झाला होता की फ्रान्सच्या राजाने त्याला बाळंतिणीची उपमा देऊन थट्टा केली, असे जुने इतिवृत्तकार सांगतात. १०८७ साली मान्त नावाच्या गावावर स्वारी करताना घोडा अडखळला आणि खोगिराचा पुढचा उंचवटा राजाच्या पोटात बसला. चरबीची उशी मध्ये असूनही आतला मार चुकला नाही. काही आठवडे वेदना सोसून ९ सप्टेंबरला तो मेला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी काय झाले ते इतिवृत्तांत आहे, पण फराळाचे ताट समोर असताना ते सांगण्यासारखे नाही.

मात्र विल्यमच्या पोटात नेमके काय झाले हे आज कोणालाच सांगता यायचे नाही. ज्याचा दिवसादिवसाचा वृत्तांत लिहिलेला आहे, असा माणूस पाहिजे. तसा एक आहे.

२ जुलै १८८१ रोजी सकाळी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत शिरली; पण मज्जारज्जू चुकवून, मोठ्या रक्तवाहिन्या चुकवून ती स्वादुपिंडाच्या मागे जाऊन बसली. आजचे डॉक्टर सांगतात की ती तिथे तशीच राहू दिली असती तरी माणूस जगला असता. गारफील्ड पन्नाशीच्या आतले, सहा फूट उंचीचे, भरदार छातीचे गृहस्थ. वजन सुमारे २१० पौंड, म्हणजे ९५ किलो. आमच्या अण्णांपेक्षा तीनच किलो जास्त! देशभर लोक म्हणत असतील, की अंगात साठा आहे.

पुढची हकिकत वाचताना जीव कासावीस होतो. डॉक्टरांनी गोळी शोधण्यासाठी न धुतलेली बोटे आणि सळया पुन्हा पुन्हा जखमेत घातल्या. जंतूंमुळे जखमा सडतात हे लिस्टर तोपर्यंत सांगून चुकला होता, पण अमेरिकेतल्या पुष्कळ जुन्या डॉक्टरांचा त्यावर विश्वास नव्हता. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल गोळी शोधायचे विजेचे यंत्र घेऊन आला, तेही फसले. जखम चिघळली, ताप चढला, अन्न पोटात ठरेना. ऑगस्टमध्ये तोंडाने खाणे अशक्य झाले, तेव्हा मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी आपल्याकडच्या बस्तीसारखा उपाय योजला. गोमांसाचा अर्क, अंड्याचा बलक, दूध, व्हिस्की आणि अफू यांचे मिश्रण मागच्या वाटेने शरीरात सोडायचे. पोषणाच्या दृष्टीने त्याचा उपयोग फार थोडा. त्या मार्गाने शरीर पाणी आणि मीठ शोषून घेते, मांस-अंडी पचवीत नाही. ब्लिस यांनी मात्र पुढच्याच वर्षी या उपायावर पुस्तिका प्रसिद्ध केली!

६ सप्टेंबरला खास आगगाडीने गारफील्डना न्यू जर्सीच्या समुद्रकिनारी हलवले. १९ सप्टेंबरच्या रात्री त्यांचा अंत झाला. गोळी लागल्यापासून जेमतेम ऐंशी दिवस. वजन सुमारे १३० पौंडांवर, म्हणजे ५९ किलोंवर आले होते. गिटो न्यायालयात म्हणाला की मी फक्त गोळी झाडली, मारले डॉक्टरांनी. फाशी त्याला झाली ती योग्यच. पण तो अगदीच खोटे बोलत नव्हता.

छत्तीस किलो! माणसाच्या अंगातून छत्तीस किलो कुठे गेले? उपासमार, ताप, पू ही सगळी उत्तरे खरी आहेत, पण अपुरी. त्या काळच्या कोणाला पुरे उत्तर देता आले नसते, कारण तो हिशेब कोणी मांडलेलाच नव्हता. हिशेब मांडणारा माणूस एकोणीस वर्षांनी, १९०० साली, स्कॉटलंडात किल्मार्नॉक येथे जन्मला. त्याचे नाव डेव्हिड कथबर्टसन.

कथबर्टसन हा ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीमध्ये रसायनशास्त्राच्या बाजूने काम करणारा तरुण. हातात सुरी नाही, स्टेथोस्कोप नाही. परीक्षानळ्या आणि रुग्णांच्या मूत्राच्या बाटल्या. नडगीचे हाड, विशेषतः त्याचा खालचा भाग, मोडला की काहींचे लवकर सांधत का नाही, असा प्रश्न होता. हाड चुन्याचे, तेव्हा शरीरातून चुना वाया जात असेल, असा सरळ तर्क. म्हणून त्याने हाड मोडलेल्या रुग्णांच्या मूत्रातून काय काय बाहेर पडते ते मोजायला घेतले. चुन्याबरोबर त्याने फॉस्फरस, गंधक आणि नत्र हेही मोजले.

चुन्याने मोठे गुपित सांगितले नाही. ते नत्राने सांगितले. नत्र शरीरात असते ते मुख्यतः प्रथिनांत, आणि प्रथिनांचा मोठा साठा स्नायूंत. हाड मोडल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मूत्रातले नत्र वाढू लागे, आठवडाभरात कळस गाठी आणि मग हळूहळू उतरे. नत्र, गंधक आणि फॉस्फरस ज्या प्रमाणात बाहेर पडत, ते प्रमाण स्नायूच्या घडणीशी जुळत होते. म्हणजे हाड मोडले एका ठिकाणी, आणि वितळत होते साऱ्या अंगावरचे मांस.

कोणी म्हणेल, पडून राहिल्यामुळे हातपाय झिजले, त्यात नवल काय? कथबर्टसनलाही ही शंका आलीच होती. त्याने धडधाकट माणसांना नुसते अंथरुणावर पडून राहायला लावून तोही हिशेब मांडला. विश्रांतीने नत्र जाते, पण थोडे. हाड मोडल्यावर जाते त्याच्या मानाने काहीच नाही. १९२९ आणि १९३० साली त्याचे हे लेख प्रसिद्ध झाले. पुढे, महायुद्ध चालू असताना १९४२ साली, त्याने दुखापतीच्या या क्रमाला नावे दिली, तीही अशी की कोकणच्या माणसाला समजावून सांगायला नकोत : आधी ओहोटी, मग भरती. पहिला दिवस-दीड दिवस ओहोटीचा. अंग गार, नाडी क्षीण, शरीराचा सगळा व्यवहार मंद. यातून वाचला की भरती. अंगात कढ, नाडी जलद, आणि शरीर आपलाच संसार चुलीत घालून पेटवू लागते.

हे आकड्यांत सांगितले तर डोळे उघडतात. एक ग्रॅम नत्र म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन. पण जिवंत स्नायूत प्रथिन असते पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक पाणी. म्हणून एक ग्रॅम नत्र गेले की साधारण तीस ग्रॅम मांस गेले असे धरतात. मोठ्या दुखापतीत दिवसाला वीस ग्रॅम नत्र सहज जाते. वीस गुणिले तीस. मुलांना मी पाढे शिकवतो, पण हा गुणाकार प्रथम केला तेव्हा कागद पुन्हा तपासला. सहाशे ग्रॅम! रोज!

आता चरबीचे काय? अंगावर चरबीचे डबे भरलेले असताना शरीर मांसाला हात का घालते? या प्रश्नातच सगळी मेख आहे. निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर असे करीत नाही. पहिले काही दिवस थोडे मांस खर्ची पडते, पण मग शरीर शहाणे होते. मेंदूसुद्धा चरबीपासून बनलेल्या इंधनावर चालू लागतो, आणि नत्राचा खर्च रोजच्या तीन-पाच ग्रॅमवर येतो. स्कॉटलंडातच, डंडी या गावी, २०७ किलो वजनाच्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने १९६५-६६ साली डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस अन्न घेतले नाही. पाणी, चहा, जीवनसत्त्वे आणि क्षार, एवढ्यावर तो राहिला. वजन ८२ किलोंवर आले आणि माणूस चालत घरी गेला. (कोणीही हा प्रयोग घरी करू नये, असे करताना इतर माणसे दगावली आहेत.) त्याच्या बाबतीत ‘अंगात साठा आहे’ हे अक्षरशः खरे ठरले.

पण दुखापत म्हणजे उपास नव्हे. जखमेत नव्या पेशी उभ्या राहायच्या असतात, पांढऱ्या पेशींची फौज जंतूंशी लढत असते, आणि या दोघांना साखर हवी असते. चरबीतल्या मुख्य घटकापासून, म्हणजे मेदाम्लांपासून, शरीराला साखर करता येत नाही. स्नायूतल्या प्रथिनांपासून येते. शिवाय यकृताला लढाईची नवी प्रथिने बनवायची असतात, त्यांच्या विटाही स्नायूंच्याच भिंतीतून काढायच्या. आणि उपासात जो शहाणपणा शरीराला सुचतो, तो दुखापतीच्या तापात सुचत नाही. घरात तेलाचे डबे आढ्याला लागलेत, पण भाकरीला पीठ नाही, अशी ही अवस्था. आम्ही दुकानदारांनी ती समजायला हवी होती.

मौज अशी, की ज्यांच्या अंगावर मांस जास्त, त्यांचेच जास्त जाते. तरण्याताठ्या, पीळदार पुरुषांचे नत्र सर्वांत वेगाने बाहेर पडते. म्हाताऱ्यांचे आणि आधीच कुपोषित असलेल्यांचे कमी. कथबर्टसनने आणि त्याच्या सहकाऱ्याने उंदरांना आधी प्रथिनहीन अन्नावर ठेवून मग त्यांची हाडे मोडली, तर नत्राची भरती जवळजवळ आलीच नाही. वरवर पाहता हे त्यांचे भाग्य वाटेल. पण खर्च झाला नाही, कारण तिजोरीत काढायला काही नव्हते.

चरबी आणि मांस ही दोन खाती वेगळी आहेत, हे समजले. पण जिवंत माणसाच्या अंगात कुठले किती, हे काट्यावर कळत नाही. अण्णांचा काटा दोघांची बेरीज दाखवीत होता. ही बेरीज फोडण्याची पहिली सोपी युक्ती अमेरिकन नौदलाच्या अल्बर्ट बेन्के या डॉक्टरने वापरली. त्याचे काम पाणबुड्यांशी. खोल पाण्यात नत्रवायू चरबीत विरघळतो, म्हणून कोणाच्या अंगात चरबी किती हे त्याला हवे होते. त्याने आर्किमिडीजची आठवण ठेवून माणसांना पाण्याखाली तोलले. चरबी तरंगते, मांस बुडते. १९४२ साली त्याने फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू असे तोलून दाखवले, की उंची-वजनाच्या कोष्टकाने ज्यांना लठ्ठ म्हणून लष्करात नालायक ठरवले असते, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या अंगात चरबी थोडीच होती. वजन मांसाचे होते.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या रात्री बोस्टन शहरात एका नाचगाण्याच्या क्लबाला आग लागली. क्लबाचे नाव ‘कोकोनट ग्रोव्ह’, म्हणजे नारळीची बाग; कागदी आणि कापडी झावळ्यांची. ४९२ माणसे गेली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्या रात्री फ्रान्सिस मूर नावाचा एकोणतीस वर्षांचा शल्यविशारद कामावर होता. भाजलेली माणसे पहिल्या रात्रीतून वाचल्यावरही पुढे का खंगतात, हे त्याने जवळून पाहिले. पुढे त्याने सारे आयुष्य एका प्रश्नाला दिले : माणूस कशाकशाचा किती बनलेला आहे, आणि घाव बसल्यावर त्यातले काय जाते?

त्याची रीत समजायला सोपी आहे. हौदात पाणी किती हे मोजायला हौद उपसावा लागत नाही. ठरावीक शाई ओतावी, ढवळावे, आणि एक पेलाभर पाणी काढून शाई किती फिकी झाली ते पाहावे. मूरने शाईऐवजी जड पाणी वापरले. ते रुग्णाला द्यायचे, सगळ्या अंगात मिसळू द्यायचे, आणि मग थोडे रक्त तपासायचे. चरबीत पाणी जवळजवळ नसतेच, तेव्हा अंगातले पाणी कळले की चरबी किती आणि बाकी किती हे कळते. १९४६ साली त्याने ही रीत प्रसिद्ध केली. मग किरणोत्सर्गी पोटॅशियम घेऊन, जे साडेबारा तासांत अर्धे होऊन जाते, त्याने शरीरातल्या कामकरी पेशींचा पसारा मोजला. चरबी ही वखार, हाडे आणि त्वचा हा वाडा. आणि राबणारी माणसे म्हणजे स्नायू, यकृत, हृदय, मूत्रपिंडे यांच्या पेशी. माणूस जगतो तो या राबणाऱ्यांच्या बळावर. १९५९ आणि १९६३ साली त्याचे दोन जाडजूड ग्रंथ निघाले.

मूरने दुखापतीतून उठण्याचे चार टप्पे सांगितले. पहिला घावाचा, दुसरा वळणाचा, तिसरा मांस परत येण्याचा, आणि अगदी शेवटचा, महिनोन्‌महिने चालणारा, चरबी परत येण्याचा. तिसऱ्या टप्प्यातला हिशेब फार बोलका आहे. जाताना नत्र रोज वीस ग्रॅमने जाते. परत येते ते रोज तीन ते पाच ग्रॅमने, तेही रुग्ण नीट खात असेल तर. सावकाराचे व्याजही याहून दयाळू!

या सगळ्याला मरणाशी जोडणारा आकडा मात्र त्याच्याही आधी, १९३६ साली, क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली या शल्यविशारदाने मांडला होता. पोटातल्या अल्सरवर शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांचे कागद त्याने पाहिले. शस्त्रक्रियेआधी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यातले ३३ टक्के मेले. ज्यांचे तितके घटले नव्हते, त्यांच्यातले साडेतीन टक्के. साधा काटा, साधी वजाबाकी. आणि अंतर जवळजवळ दहापट.

अंगावरच्या मांसाचा साधारण ४० टक्के भाग गेला की माणूस वाचत नाही, असे मानतात. त्याच्या पुष्कळ आधी जंतूंशी लढणे मंदावते, जखम भरेनाशी होते, उठून बसवत नाही. आणि श्वास घेणे हेही स्नायूंचेच काम आहे. खोकून कफ बाहेर टाकायला बरगड्यांचे, पोटाचे स्नायू लागतात. ते झिजले की कफ छातीत राहतो, आणि तिथून न्यूमोनिया दूर नसतो. हे वाक्य मी पुस्तकात वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

चरबीवर सगळा राग काढणे मात्र अन्यायाचे होईल. मोटारीच्या अपघातांच्या अभ्यासांत असेही दिसले आहे की पोटावरच्या चरबीच्या थराने आतल्या अवयवांचा मार काही वेळा कमी होतो. ग्लॅडिएटरांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. पण इस्पितळात पोहोचल्यानंतरचे दिवस तिच्या सत्तेत नाहीत. फार लठ्ठ माणसाची फुप्फुसे पडून राहिल्यावर दबतात, जखमा चिघळतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. आणि एक धोका त्याहून लपलेला आहे : वरून भरलेला दिसणारा माणूस आतून मांसाने रिता असू शकतो. दुकानाच्या गादीवर तीस वर्षे बसलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस ९२ किलोंचा असेल. त्यांत मांस किती? वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला १९८९ साली अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ असे ग्रीक नाव दिले. आता अपघातातल्या वृद्धांच्या सी.टी. स्कॅनमध्ये कमरेच्या स्नायूची जाडी मोजून, कोणाला धोका अधिक ते डॉक्टर पाहू शकतात.

उपाय काय निघाले? फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली ड्युड्रिक यांनी कुत्र्याची पिल्ले नुसत्या शिरेतून दिलेल्या अन्नावर वाढवून दाखवली आणि १९६८ साली ते प्रसिद्ध केले. ज्याचे पोट चालत नाही त्यालाही जगवता येऊ लागले. गारफील्डना जे हवे होते ते सत्त्याऐंशी वर्षांनी आले. भाजलेल्या आणि जखमी माणसाची खोली चांगली उबदार ठेवली की मांसाचा खर्च कमी होतो हेही समजले. हल्ली अतिदक्षता विभागात शक्य तर पहिल्या एक-दोन दिवसांतच नळीने अन्न सुरू करतात आणि त्यात प्रथिने किती ते मोजून देतात. मांडीचे हाड मोडले तर लवकर शस्त्रक्रिया करून माणसाला उठवून बसवतात.

हे सगळे मी आईला सांगावे की नाही, याचा निर्णय मला दोन वर्षे घेता आला नाही. शेवटी गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजन झाल्यावर, तिनेच विचारले, “तू ते हाडांचं काय वाचत असतोस?” मग सांगितले. नत्राऐवजी मांस म्हटले, बाकी काही लपवले नाही.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी पेज देत होते ते चुकलंच.”

मी तिला खरे तेच सांगितले. पहिल्या दिवसांत माणसाला कितीही खायला घातले तरी ही गळती पुरती थांबत नाही, हेही कथबर्टसननेच दाखवले आहे. चांगल्या अन्नाने ती कमी होते. किती कमी झाली असती आणि तेवढ्याने अण्णा उठले असते का, हे मला सांगता येत नाही. पेज देऊ नका असे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते.

“रोज किती म्हणालास?”

“अर्धा किलोच्या वर. पहिल्या आठवड्यात.”

तिने देवघरापुढच्या पाटावरची जुनी वही उचलली. १९९५ सालची. पहिले पान उघडून कोपऱ्यातला आकडा पाहिला. “त्यांच्या लेंग्याची नाडी मीच बांधायचे,” ती म्हणाली. “गाठ मारली की उरलेलं टोक रोज थोडं जास्त लोंबायचं. मला वाटायचं, नाडीच सैल पडत्येय. एकदा तर मी कात्रीने कापून टाकलं ते टोक.”